वाटाण्याचा हिशोब लावणारे मेंडेल गुरुजी



ग्रेगर मेंडेल यांची जयंती जुलै महिन्यात येते. विज्ञानाच्या पुस्तकात त्यांचं नाव येतं, बाजूला वाटाण्याच्या शेंगेचं चित्र असतं, आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो. पण सानगडी-साकोलीच्या भागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी मेंडेल यांचा हिशोब परीक्षेपुरता नाही. सिकलसेलचं नाव आपल्या विदर्भात लहानथोर सगळ्यांच्या कानावर आहे. हा आजार आईबापाकडून लेकरात कसा येतो, याचं उत्तर ज्या नियमात आहे तो नियम मेंडेल यांनी शोधला, आणि तोही सिकलसेल हा शब्द जन्माला येण्याच्या कितीतरी आधी. म्हणून आज त्यांचं चरित्र जरा सविस्तर पाहू. वर्गात सांगायला आणि घरी समजवायला, दोन्हीकडे उपयोगी पडेल.

शेतकऱ्याचं पोरगं

मेंडेल यांचा जन्म १८२२ साली हाइन्झेनडॉर्फ नावाच्या खेड्यात झाला. तेव्हा ते गाव ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. घरचं नाव योहान. वडील अँटोन शेतकरी होते, पण आठवड्यातले तीन दिवस त्यांना जमीनदाराच्या शेतावर राबावं लागे. आपल्याकडे ज्याला वेठबिगारी म्हणत, तसाच हा प्रकार. उरलेल्या दिवसांत स्वतःची शेती आणि फळझाडं. कलम कसं बांधायचं हे योहानने वडिलांच्या हाताखालीच पाहिलं.

गावच्या शाळेतल्या गुरुजींच्या लक्षात आलं की हा मुलगा हुशार आहे. त्याला पुढे शिकवा, असं त्यांनी घरच्यांना पटवलं. अकराव्या वर्षी योहान घर सोडून परगावी शिकायला गेला. घरून जेवणाचे पूर्ण पैसे पाठवणं जमत नव्हतं, त्यामुळे कित्येकदा अर्धपोटी राहावं लागे. त्यातच १८३८ साली जमीनदाराचं काम करताना वडिलांच्या छातीवर लाकडाचा ओंडका पडला आणि त्यांच्याने शेतीची कष्टाची कामं होईनाशी झाली. योहान तेव्हा सोळा वर्षांचा होता. शिकवण्या घेऊन त्याने स्वतःचा खर्च भागवला. ताणामुळे तो अनेकदा आजारी पडला.

पुढच्या शिक्षणाचा प्रश्न आला तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया पुढे आली. तिच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशातला काही भाग तिने भावाच्या शिक्षणासाठी सोडून दिला. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. मेंडेल यांनीही ते ऋण लक्षात ठेवलं. मोठेपणी त्यांनी तेरेझियाच्या तीन मुलांच्या शिक्षणाला मदत केली, आणि त्यांतले दोघे डॉक्टर झाले.

पैशाची ओढाताण मात्र संपेना. तेव्हा पदार्थविज्ञानाच्या एका शिक्षकाच्या शिफारशीवरून योहान १८४३ साली ब्रुनो शहरातल्या सेंट थॉमस मठात दाखल झाला. तिथे त्याला ग्रेगर हे नाव मिळालं. मठात मोठं ग्रंथालय होतं, बाग होती, अभ्यासू माणसं होती. प्रमुख सिरिल नाप्प यांना स्वतःलाच पिकांच्या आणि मेंढ्यांच्या पैदाशीत रस होता. गरिबाच्या पोराला शिकत राहण्यासाठी यापेक्षा चांगली जागा मिळणं कठीण होतं.

परीक्षेत नापास, वर्गात पास

आता आपल्या व्यवसायाशी जुळणारा भाग. धर्मगुरू म्हणून रुग्णालयात आजारी, मरणासन्न माणसांना भेटायला जावं लागे. ते मेंडेल यांच्या मनाला झेपेना, ते स्वतःच अंथरुणाला खिळायचे. नाप्प यांनी हे ओळखलं आणि १८४९ साली त्यांना एका शाळेत बदली शिक्षक म्हणून पाठवलं. हे काम त्यांना एकदम मानवलं.

पण कायम शिक्षक व्हायचं तर सरकारी पात्रता परीक्षा पास व्हावी लागे. तेव्हाची टीईटीच समजा. १८५० साली मेंडेल त्या परीक्षेत नापास झाले. गंमत म्हणजे ज्या जीवशास्त्राने पुढे त्यांचं नाव अमर केलं, त्याच बाजूच्या विषयात ते कमी पडले! मठाने त्यांना दोन वर्षं व्हिएन्ना विद्यापीठात शिकायला पाठवलं. तिथे ध्वनिलहरींमुळे आपल्याला माहीत असलेल्या डॉप्लर यांच्याकडे त्यांनी पदार्थविज्ञान शिकलं, गणित शिकलं, वनस्पतिशास्त्र शिकलं. १८५६ साली ते परत परीक्षेला बसले, पण तब्येत बिघडली आणि ती परीक्षाही अर्धवटच राहिली. त्यानंतर ते पुन्हा बसले नाहीत.

म्हणजे १८५४ पासून १८६८ पर्यंत, तब्बल १४ वर्षं, मेंडेल यांनी ब्रुनोच्या शाळेत बदली शिक्षक म्हणूनच शिकवलं. विद्यार्थ्यांना ते आवडायचे. शाळा सुटली की ते मठाच्या बागेत जायचे, आणि खरा इतिहास तिथे घडत होता.

वाटाणाच का?

त्या काळी लोकांची समजूत अशी होती की आईबापाचे गुण दोन रंगांसारखे एकमेकांत मिसळतात. लाल आणि पांढरा मिळून गुलाबी, तसं. पण मग आजीचे डोळे मधली एक पिढी वगळून नातवात कसे उतरतात? रंग एकदा मिसळले की वेगळे होत नाहीत. मिसळण्याच्या समजुतीत या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

मेंडेल यांनी त्यासाठी वाटाणा निवडला. आपल्याकडे धान निघायच्या सुमारास बांधीत उतेरा म्हणून लाखोळी टाकतात, तिचं फूल तुम्ही पाहिलं असेल. वाटाण्याचं फूलही त्याच घडणीचं. पाकळ्यांच्या आत पुंकेसर आणि स्त्रीकेसर झाकलेले असतात, त्यामुळे फुलाचे पराग त्याच फुलावर पडतात. बाहेरची भेसळ सहसा होत नाही. आपल्याला हवा तसा संकर करायचा असेल तर कळी उमलण्याआधी पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावायचे आणि फुलावर पिशवी बांधायची. काम किचकट, पण पक्कं.

सुरुवातीला त्यांनी ३४ वाण आणले आणि दोन वर्षं नुसती खात्री केली की कोणता वाण दरवर्षी सारखाच निघतो. मग सात लक्षणं निवडली. दाणा गोल की सुरकुतलेला, पिवळा की हिरवा, झाड उंच की बुटकं, अशी. प्रत्येक लक्षणात दोनच प्रकार, मधलं काही नाही. १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षं त्यांनी हे प्रयोग केले. जवळपास २८ हजार झाडं हाताखालून गेली, आणि त्यांनी दाणे मोजले. अक्षरशः एकेक दाणा मोजला. त्याआधी संकर अनेकांनी केले होते, पण पिढी दर पिढी मोजून गुणोत्तर काढण्याचं काम कुणी या पद्धतीने केलं नव्हतं.

३ : १ चा अर्थ

गोल दाण्याचा वाण आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाण यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. सुरकुती गेली कुठे? मेंडेल यांनी तेच दाणे पेरले आणि आपसूक परागण होऊ दिलं. दुसऱ्या पिढीत ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० दाणे सुरकुतलेले निघाले. भागाकार करा, जवळपास ३ ला १. पिवळ्या-हिरव्या रंगाचंही तसंच. ६,०२२ पिवळे, २,००१ हिरवे.

म्हणजे सुरकुतीचा गुण नष्ट झाला नव्हता, तो लपला होता. मेंडेल यांनी याचा अर्थ असा लावला. प्रत्येक लक्षणासाठी झाडाजवळ दोन घटक असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. बीज तयार होताना दोघांपैकी एकच पुढे जातो, आणि कोणता जाईल ते नाणेफेकीसारखं असतं. दोन्ही घटक वेगळे असतील तर एक दिसतो, त्याला प्रभावी म्हणायचं. दुसरा दबून राहतो, तो अप्रभावी. दोन्ही बाजूंनी अप्रभावीच आला, तरच तो बाहेर दिसतो. याच घटकाला १९०९ पासून जीन म्हणू लागले, आपण जनुक म्हणतो.

पण गोल दिसणारे सगळे दाणे आतून सारखे असतात का? हे तपासायला त्यांनी दुसऱ्या पिढीतल्या गोल दाण्यांची ५६५ झाडं वाढवली. १९३ झाडांना फक्त गोल दाणे आले, आणि ३७२ झाडांना गोल व सुरकुतलेले दोन्ही आले. म्हणजे साधारण १ ला २. बाहेरून सगळे गोल, पण तिघांपैकी दोघांच्या पोटात सुरकुती लपलेली! हा वाहक शब्दाचा अर्थ. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कुणी ऐकलंच नाही

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ या दोन दिवशी मेंडेल यांनी ब्रुनोच्या निसर्ग अभ्यास मंडळापुढे आपलं काम वाचून दाखवलं. १८६६ साली ते छापलं गेलं. ४० प्रती वेगळ्या काढून त्यांनी काही विद्वानांना पाठवल्या. म्युनिकच्या नेगेली या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाशी त्यांचा कित्येक वर्षं पत्रव्यवहार चालला, पण नेगेलींना वाटाण्याच्या आकड्यांचं महत्त्व कळलं नाही. ते ज्या रानफुलावर काम करत होते, त्या हॉकवीडवर मेंडेल यांनीही प्रयोग केले. ती वनस्पती बहुतेक वेळा परागणाशिवायच बी धरते, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. साहजिकच हिशोब जुळला नाही, आणि मेंडेल यांची बरीच वर्षं त्यात गेली.

१८६८ साली ते मठाचे प्रमुख झाले आणि शिकवणं सुटलं. मधमाश्या पाळणं, हवामानाच्या नोंदी ठेवणं चालू होतं. पण १८७४ साली सरकारने मठांवर नवा कर बसवला आणि मेंडेल यांनी तो भरायला नकार दिला. हा वाद त्यांच्या मरणापर्यंत चालला. ६ जानेवारी १८८४ रोजी मूत्रपिंडाच्या आजाराने ते गेले. गावाने एका भल्या धर्मगुरूला निरोप दिला. एका शास्त्राचा जनक गेला, हे कुणालाच कळलं नाही. त्यांचे बरेचसे कागद पुढे जाळून टाकण्यात आले.

१६ वर्षांनी, १९०० साली, द व्रीस, कॉरेन्स आणि चेर्माक या तिघांनी आपापल्या प्रयोगांतून तेच गुणोत्तर गाठलं, आणि जुनी मासिकं चाळताना त्यांना मेंडेल सापडले.

वाटाण्यापासून कोंबडीपर्यंत, कोंबडीपासून माणसापर्यंत

मग प्रश्न आला, हा नियम फक्त झाडांचा का? १९०२ साली इंग्लंडमध्ये बेटसन यांनी कोंबड्यांच्या तुऱ्यावर काम केलं आणि फ्रान्समध्ये क्युएनो यांनी उंदरांच्या रंगावर. राखी उंदीर आणि पांढरा उंदीर यांची पिल्लं सगळी राखी, आणि त्या पिल्लांच्या पिल्लांत परत ३ ला १ प्रमाणात पांढरे. गावात मानेवर पिसं नसलेली कोंबडी दिसते ना, तिचं ते लक्षणही एकाच जनुकाचं आहे, आणि प्रभावी आहे. म्हणून साध्या कोंबडीशी जोडी लागली तरी पिल्लांत उघडी मान दिसते.

त्याच १९०२ साली लंडनचे डॉक्टर गॅरॉड यांनी लघवी काळी पडणाऱ्या एका दुर्मीळ आजाराचा अभ्यास मांडला. असे रुग्ण एकाच घरातल्या भावंडांत सापडत, आईबाप मात्र निरोगी असत, आणि कित्येकदा ते आईबाप एकमेकांचे चुलत-मामे नातलग असत. मेंडेल यांच्या अप्रभावी घटकाचं हे माणसातलं पहिलं उदाहरण. जवळच्या नात्यात लग्न झालं की एकाच पूर्वजाकडून आलेला लपलेला घटक दोन्ही बाजूंना असण्याची शक्यता वाढते.

आपल्या महाराष्ट्राचंही नाव या इतिहासात आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट शोधला. तो जगभर बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो. या माणसांचं रक्त साध्या तपासणीत ओ गटाचं वाटतं, पण ओ गटाचं रक्त त्यांना चालत नाही. एका जनुकाचे दोन्ही घटक अप्रभावी आले की असं होतं.

आणि आपला सिकलसेल

आता घरची गोष्ट. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी झाला की गोल न राहता विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि लेकराचे हातपाय असह्य दुखतात.

दवाखान्याच्या भाषेत ए म्हणजे चांगला घटक आणि एस म्हणजे सिकलचा. एए म्हणजे निरोगी. एएस म्हणजे वाहक, त्याला सहसा त्रास नसतो. एसएस म्हणजे रुग्ण. आता मेंडेल यांचा वाटाणा आठवा. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता रुग्ण मुलाची, चारात दोन वाहकाची, चारात एक निरोगी मुलाची. एक वाहक आणि एक निरोगी असेल तर कोणतंही मूल एसएस होत नाही.

इथे तीन गैरसमज दूर करायला हवेत.

१. दोष आईचा असतो. साफ चूक. एसएस मुलाला एक एस आईकडून आणि एक बापाकडून आलेला असतो. हिशोब अगदी बरोबरीचा. लेकरू आजारी म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या प्रत्येक घरात हे सांगितलं पाहिजे.

२. पहिलं मूल आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली होतील. असं नाही. नाणं मागची फेक लक्षात ठेवत नाही. प्रत्येक बाळंतपणात शक्यता तीच, चारात एक.

३. हा अमुक जातीचा रोग आहे, पाप आहे, करणी आहे. यातलं काहीच नाही. १९५४ साली अॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवून दिलं की एएस माणसाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता, तिथे हा घटक टिकून राहिला. जंगल-तलावांच्या मुलखात आपल्या पूर्वजांना त्याने वाचवलंही असेल.

वर्गातलं एसएस मूल वारंवार गैरहजर राहतं, लवकर थकतं, सारखं लघवीला जायला मागतं. ते आळशी नसतं. त्याला पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या, उन्हात धावायला लावू नका, थंडीत जपा, आणि ताप आला की त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला पालकांना सांगा.

एक सावधगिरी

जीभ गोल करता येणं, कानाची पाळी सुटी की चिकटलेली, ही उदाहरणं आपण एका जनुकाची म्हणून वर्गात घेतो. पण हुबेहूब जुळ्यांतही एकाला जीभ वळवता येते आणि दुसऱ्याला येत नाही, असं आढळलं आहे. कानाच्या पाळीमागेही अनेक जनुकं आहेत. या गमतीवरून एखाद्या मुलाच्या मनात आपण या आईबापाचे नाही की काय, अशी शंका यायला नको. उंची, रंग, हुशारी तर एका जनुकाच्या हिशोबात बसतच नाहीत. त्यात अनेक जनुकं, खाणंपिणं आणि घरचं वातावरण सगळं येतं.

वर्गात करून पाहा

दोन पिशव्या घ्या. प्रत्येकीत एक लाल आणि एक पांढरं बटण टाका, आकार सारखाच हवा. एक पिशवी आई, दुसरी बाबा. मुलाने न बघता दोन्हींतून एकेक बटण काढायचं, फळ्यावर नोंदवायचं आणि परत टाकायचं. चाळीस वेळा झालं की मोजा. पांढरी-पांढरी जोडी साधारण दहाच्या आसपास येईल. नेमकी दहा आली नाही तर तेही समजावून सांगा, शक्यता म्हणजे काय ते मुलांना तिथेच कळतं. या वेळी कुणाच्या घरच्या सिकलसेल तपासणीबद्दल वर्गात विचारू नका. ती त्या घराची खासगी बाब आहे.

पालकांनो, तुमच्या लेकराची आणि तुमची सिकलसेल तपासणी झाली नसेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. थेंबभर रक्ताचं काम आहे. लग्न जुळवताना पत्रिका बघताच, त्यासोबत दोन्हीकडचा हा रिपोर्टही बघा. एएस असलेली मुलगी किंवा मुलगा नाकारायची गरज नाही, फक्त दोघं एएस आहेत का एवढं माहीत हवं, आणि असतील तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलायला हवं.

पात्रता परीक्षेत नापास झालेल्या एका बदली शिक्षकाने शाळा सुटल्यावर बागेत बसून दाणे मोजले, म्हणून आज एवढा पक्का हिशोब आपल्या हाती आहे. तो आपल्या गावातल्या प्रत्येक घरी पोहोचवणं हे आता आपलं काम.